मातीच्या भिंतीवरचे माळवद

एकदा एका म्हाताऱ्याने आपल्याच शिष्याच्या घराचे नवे माळवद स्वतःच्या हाताने उकरून गल्लीत टाकले. वरची माती अजून ओली होती. ज्यांनी ते पाहिले, त्यांना वाटले, वयाने म्हाताऱ्याची बुद्धी चळली.

त्या गावातल्या घरांना उतरते छप्पर नसे. भिंतींवर तुळया टाकायच्या, तुळयांवर लाकडाच्या चिपा, चिपांवर कडुलिंबाचा पाला, पाल्यावर माती, आणि सर्वांत वर पांढरी माती चोपून सपाट करायची. हे माळवद. त्यावर माणसे धान्य वाळवीत, उन्हाळ्यात अंथरूण टाकीत. म्हातारा गावाबाहेरच्या मठीत राही. सारे त्यांना तात्या म्हणत. त्यांचे दोन शिष्य, सटवाजी आणि मार्तंड, एकाच गल्लीत शेजारी शेजारी राहत.

त्या वर्षी मार्तंडने नवे माळवद घातले. तात्या पाहायला आले, अनवाणी पायांनी वर फिरले, तिथेच बसून भाकरी खाल्ली. उठताना म्हणाले, "छान झालं हो, मार्तंडा."

सटवाजी शेजारच्या माळवदावर उभा होता. ते शब्द त्याच्या काळजात कुसळासारखे रुतले. इतकी वर्षे आपण तात्यांचे पाय चेपले, मठी सारवली, पाणी भरले. आपल्याला कधी म्हणाले का 'छान'? आणि मार्तंड काय, चार दमड्या हाती आल्या, गवंडी लावला, झाले!

"आपलंही माळवद गळतंय," तो बायकोला म्हणाला.

"कोपऱ्यात तेवढं गळतंय. लिंपून घ्या की," चांगुणा म्हणाली.

"लिंपायचं नाही. सगळं काढायचं. आणि गवंडी नको, मी स्वतः घालणार."

तो वखारीत गेला. खोली केवढी, तुळई किती लांब लागेल, हे सांगण्याआधीच त्याने विचारले, "मार्तंडने कसल्या तुळया नेल्या?"

"सागाच्या. चांगल्या जाड."

"मला त्याहून जाड दे."

वखारवाला हसला. "त्याहून जाड आहेत त्या बाभळीच्या. चौघांना उचलत नाहीत. देवळाचा मंडप घालतोस का काय?"

"दे म्हटलं ना!"

पाला त्याने मार्तंडच्या दुप्पट तोडला. मातीही त्याच खाणीतून आणली. प्रत्येक पाटी रिकामी केली की तो कठड्यावरून पलीकडे वाकून पाही आणि पुन्हा खाली हाक मारी, "अजून आण!"

चांगुणेने पाटी वर देता देता एकदा विचारलेच, "अहो, तुम्ही माळवद घालताय की मार्तंडभावजींच्या डोळ्यांत माती?"

त्याने पाटी ओतली आणि पुढची मागितली. काम संपले आणि तो वर उभा राहिला, तेव्हा मार्तंडचे माळवद त्याला वीतभर खाली दिसले. छातीतली आग क्षणभर निवल्यासारखी वाटली.

घरात मात्र तुळया कुरकुरत होत्या. भिंतीची माती भुरभुर पाळण्यातल्या लेकीच्या दुपट्यावर पडत होती. चांगुणेने दाखवली, तर म्हणाला, "नवं काम आहे, बसेल हळूहळू." आणि तात्यांना बोलवायला गेला.

तात्या आले. सटवाजीने वर घोंगडी अंथरली होती, जेवणाचे ताट वाढायला सांगितले होते. पण तात्या शिडीकडे गेलेच नाहीत. ते आत शिरले, तुळई भिंतीवर टेकते तिथे मान वर करून पाहत राहिले. मग पाळण्यातली पोर उचलली, बाहेर आले, आणि शेजारी मार्तंडच्या बायकोच्या मांडीवर ठेवली.

"चांगुणे, तूही बाहेर ये. चूल राहू दे," ते म्हणाले. मग खोरे घेऊन धापा टाकत वर चढले आणि ओली माती ओढून खाली टाकू लागले.

सटवाजी धावला. "तात्या! हे काय चालवलंय?"

"हलकं करतोय."

"त्याच्या माळवदावर बसून भाकरी खाल्लीत, आणि माझं उकरता? माझी पोरसुद्धा उचलून त्याच्याच घरात दिलीत! मी काय कमी केलं तुमचं?" त्याने तात्यांच्या हातातले खोरे धरले. "एकदा तरी मला 'छान' म्हणायचं होतंत."

तात्यांनी खोरे खाली ठेवले. मातीच्या ढिगावरच टेकले.

"सटवा, मार्तंडच्या भिंती दगडाच्या आहेत. तुझ्या कच्च्या विटांच्या, तुझ्या बापानं चिखल तुडवून पाडलेल्या. तू तुळया निवडल्यास, पाला निवडलास, माती निवडलीस, आणि दर वेळी डोळा पलीकडे. हे सारं ज्या भिंतीवर टेकायचं, तिच्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. ती फाटायला लागली आहे, बाळा. हेवा असाच असतो. माप दुसऱ्याच्या घराचं घेतो आणि ओझं आपल्या घरावर ठेवतो."

सटवाजीने कठड्यावरून वाकून आपल्या भिंतीकडे पाहिले.

"आणि 'छान'चं म्हणशील," तात्या हळूच म्हणाले, "तर मार्तंडकडे मी पाहुणा म्हणून गेलो होतो. पाहुण्यानं छान म्हणायचंच असतं. तुझ्याकडे मी भर उन्हाचा न विचारता येतो, तुझ्या भिंतीला पाठ लावतो आणि झोपतो. दगडाच्या घरात मला अशी झोप लागत नाही. झोपलेला माणूस काय बोलणार, सांग बरं?"

सटवाजीला रडू फुटले. त्याने डोळे पुसले, खोरे उचलले आणि माती ओढायला लागला. कठड्यापलीकडे मार्तंड केव्हाचा उभा होता. तो म्हणाला, "गल्लीत नको टाकू, लोकांची वाट बंद होईल. पाटी इकडे दे, माझ्या अंगणात ओततो." सटवाजीने पाटी दिली.

बाभळीच्या तुळया गाडीत घालून तो पुन्हा वखारीत गेला. वखारवाला म्हणाला, "मी म्हटलंच होतं. आता काय, मार्तंडसारख्या सागाच्या देऊ?"

"नको. माझ्या भिंती मातीच्या आहेत," सटवाजी म्हणाला, आणि हे सांगताना त्याचा आवाज जराही खाली गेला नाही. "त्यांना सोसेल असं हलकं लाकूड दाखव."