फोडणीची ओळख

सांगलीत भूपालशेठच्या भडंगाला तोड नव्हती आणि त्या भडंगाला रोज फोडणी देणाऱ्या शालनला शेठच्या कागदावर जागा नव्हती. पगार दर शनिवारी पाकिटातून हातात. नोंद नाही, पावती नाही. त्यातून साठवलेले पैसे तिने घरासाठी बँकेत भरले, तशी आयकराची नोटीस आली. पैसे कुठून आले ते दाखवा, नाहीतर जबर कर आणि वर दंड!

शालनने आयकर कचेरीत शेठचं नाव सांगितलं. तिथल्या साहेबांनी शेठला तिच्यासमोर बोलावून विचारलं. शेठने सरळ हात झटकले. "ही बाई? मी ओळखतसुद्धा नाही."

शालनने पदर खोचला. "खरं हाय सायेब, आमची वळखच न्हाई. मग फोडणी माझी मीच शिकले म्हणायची. उद्यापास्नं शेठच्या दुकानासमोर माझं दुकान, त्याच चवीचं."

शेठ ताडकन उठला. "खबरदार! ती फोडणी माझ्या आईची आहे. बारा वर्षं माझा पगार खाल्लास आणि माझ्याच पोटावर पाय देतेस?"

साहेबांनी हळूच पेन उचललं. "कुठला पगार, शेठ?"



"पटली म्हणायची वळख," शालन म्हणाली. "सायेब, पगारावर कर बसत असंल तर मी भरते. लपवल्याचा दंड मातुर ज्यानं लपवलं त्यालाच लावा."