सारजेचा द्रोण

फार वर्षांमागची गोष्ट. नदीवर पूल व्हायचा होता, आणि पलीकडच्या रानात करवंदांच्या जाळ्या इतक्या दाट होत्या की आत शिरलेलं वासरूसुद्धा दिसत नसे. त्या काळी कातळवाडीच्या वेशीवर, नदीच्या वाटेला लागून, ठकूबाई कुंभारणीचं घर होतं. तिला मूलबाळ नव्हतं. एका वर्षी गावातलं एक पोरगं दोन दिवस रानात अडकून पडलं आणि कुणाला पत्ताच नाही. आईला वाटलं चुलत्याकडे आहे, चुलत्याला वाटलं मामाकडे गेलंय. ते सापडलं त्याच दिवशी ठकूबाईने गावातली झाडून सारी पोरं गोळा केली, ओल्या मातीच्या चकत्यांवर एकेकाचा अंगठा उमटवला आणि त्या चकत्या भट्टीत भाजून काढल्या.

तेव्हापासून रीतच पडली. रानात जाताना पोरांनी आपली चकती ठकूबाईच्या ओट्यावरच्या फळीवर ठेवायची आणि परतल्यावर उचलून न्यायची. मिसरूड फुटलेले पोरगे कुरकुरायचे, पण ठेवायचे. फळी रिकामी झाली की ठकूबाई हाळी द्यायची, "आली गं बायांनो, समदी आली!" मगच गावात ताटं वाढली जायची. एक जरी चकती उरली, तरी ती काठी घेऊन निघायची. नुसतं बोट फिरवून ती सांगायची की अंगठा कुणाचा, असं म्हणतात.

सगळं गाव तिला दुवा देत होतं. एकटी सारजा तेवढी जळत होती.

सारजेची तानी बारा वर्षांची, एकुलती एक. गुडघा फुटला की ही धावणार ठकूमावशीकडे. स्वप्न पडलं तर ते सांगणार ठकूमावशीला. करवंदांचे द्रोण आणायची, तर पिकलेली, काळीभोर ठकूमावशीला आणि उरलेली कच्ची आईला. सारजा ती मुकाट्याने खायची आणि तिचं तोंडच काय, मनही आंबट व्हायचं. "सोताला न्हाई, म्हून माझीवर डोळा," ती भाकरी थापताना पुटपुटायची. तव्यापेक्षा तीच जास्त तापलेली असायची, असं म्हणतात.

एके दिवशी सकाळी तानी घरातून न सांगताच निघाली. वेशीवरून तिचा आवाज मात्र ऐकू आला, "मावशे, आज तुला लई काळी आणते!" सारजेच्या अंगाचा तिळपापड झाला. दुपारी ठकूबाई मागे भट्टी रचत होती, तेव्हा सारजा गुपचूप ओट्यावर चढली आणि तानीची चकती उचलून तिने पदराच्या गाठीला बांधली. तिचा हिशेब साधा होता. संध्याकाळी पोरीला चकती सापडणार नाही, मग ती शोधत आईकडे येईल. एकदा तरी आधी आईकडे येईल.

दिवेलागण झाली. पोरं आली, चकत्या उचलल्या गेल्या, फळी रिकामी झाली. ठकूबाईने हाळी दिली, "आली गं बायांनो, समदी आली!"

सारजेनेही ती ऐकली. तानी घरात नव्हती, तरी तिच्या मनात शंका आली नाही. "बसली आसंल तिच्याच मांडीला मांडी लावून," म्हणत तिने रागाने लाकूड चुलीत सारलं. तेवढ्यात तिला पोटाशी गार लागलं. पाहते तो पदराची गाठ ओलीचिंब. भाजलेल्या मातीतून पाणी ठिबकत होतं, असं म्हणतात.

तेव्हा तिला उमगलं की ती हाळी खोटी होती, आणि ती खोटी कुणी केली होती.

ज्या ओट्यावर ती कधी सरळ चढली नव्हती, तिथे ती धावत गेली. "चकती माझ्यापाशी हाय! म्या उचलली, ठकूबाई, म्याच! तानी आली न्हाई!"

ठकूबाईने ती ठिबकती चकती पाहिली आणि पोरगी पाण्यात आहे हे ओळखलं. मातीचा मोठा डेरा कडेवर घेऊन ती नदीकडे पळाली. वर घाटात पाऊस झाला होता, नदी फुगली होती, आणि मधल्या खडकावर तानी उभी होती, कमरेएवढ्या पाण्यात. ठकूबाईने डेरा पालथा घातला, त्यावर छाती टेकली आणि लोंढ्यात शिरली. तिच्यापुरती नदी दुभंगली, असं म्हणतात. पोरीला डेऱ्यावर घालून तिने काठाला आणलं.

काठावर येताच तानीने मिठी मारली ती ठकूबाईलाच. आणि खरं सांगायचं तर त्याही घडीला सारजा जळलीच.

ठकूबाईने ते बरोबर ओळखलं. धापा टाकत ती म्हणाली, "चूक माझी बी हाय, सारजे. म्या फळी बघितली, पोरांची तोंडं न्हाई बघितली. उद्यापास्नं समोरच्या कट्ट्यावर तू बस. पोरांवर नजर ठेव आन् माझ्यावर बी. माझं वावगं तुझ्याएवढं दुसऱ्या कुणाला दिसतंय?"

सारजा बसली. बसली ती अठ्ठावीस वर्षं. ठकूबाई चकत्या बघायची, सारजा तोंडं बघायची, आणि सारजेने "पाहिली!" म्हटल्याशिवाय हाळी होत नसे. कुंभारणीची एकतरी चूक पकडावी म्हणून तिने एका संध्याकाळीही पापणी मिटली नाही, असं म्हणतात. त्या अठ्ठावीस वर्षांत कातळवाडीचं एकही लेकरू हरवलं नाही.

तानी पुढे दोन द्रोण आणू लागली, दोन्हींत काळीभोर करवंदं. तरी ठकूबाईचा द्रोण जरासा जास्त भरलेला असायचा, असं सारजा मरेपर्यंत सांगत होती.

कातळवाडीत आजही संध्याकाळी दोन बाया बसतात, एक ओट्यावर आणि एक समोरच्या कट्ट्यावर. पहिलीशी जिचं पटत नाही, तीच दुसरी म्हणून मुद्दाम निवडतात आणि वर्षभर तिला सारजाच म्हणतात. चकतीला पोराखेरीज कुणी हात लावत नाही. आणि करवंदं पिकली की पोरं फळीवर दोन द्रोण ठेवतात, एक ठकूबाईचा, एक सारजेचा. सारजेच्या द्रोणात चार करवंदं जास्त घालतात.