भरल्या पोटाचं दुःख

“म्हणजे हा शब्द मुळात दुःखाचा नव्हताच?” रेवणबाबांनी विचारलं.

“नव्हता, बाबा. जुन्या इंग्रजीत ‘सॅड’ म्हणजे पोट भरलेला, तृप्त. मग भरलेला म्हणजे जड, जड म्हणजे कंटाळलेला, असं होत होत तो दुःखापर्यंत आला.”

प्राध्यापक वसंत हिरुगडे वारणाकाठच्या मठाच्या उंबऱ्याबाहेर बसले होते. आदल्या दिवशीच त्यांनी आईला अग्नी दिला होता. सुतक, म्हणून आत गेले नव्हते, तर बाबाच उठून बाहेर आले आणि त्यांच्या शेजारी मातीत बसले.

अशा वेळीही हा माणूस शब्दाचं मूळ सांगत होता. मास्तरकी काही केल्या सुटत नाही. पण बाबा कान देऊन ऐकत होते. ऐंशी उलटली तरी नवं काही कळलं की त्यांचा चेहरा खुलायचा, आणि वसंतरावांना त्याचं फार अप्रूप होतं.

“झकास शोधलंस,” बाबा म्हणाले. “ज्यानं शब्द केला, त्यानं दुःख भोगलं असणार.”

वसंतरावांना तेवढ्यानंही बरं वाटलं.

“म्हणूनच घास उतरत नाही, बाबा. घरात चूल पेटवायची नाही, म्हणून शेजारच्या काकूंनी कडू घास आणला. पिठलं-भाकरी. मी हात लावला नाही. आत जागाच नाही.”

“आणि अण्णा?”

वसंतरावांनी नजर नदीकडे वळवली.

“तुझे वडील जेवले का, वसंता?”

“नाही.” त्यांनी मान खाली घातली. “तू जेव, मग मी, एवढंच म्हणतात. कालपासून भिंतीला टेकून बसलेत. काल भाकरी तशीच झाकून ठेवली.”

बाबा उठले. आत गेले. दुपारसाठी ठेवलेल्या स्वतःच्या भाकऱ्या त्यांनी उपरण्यात बांधल्या आणि वसंतरावांच्या पुढे धरल्या.

वसंतरावांनी हात मागे घेतला. “नको, बाबा. खरंच जाणार नाही मला.”

“तुला कुठं देतोय?”

“मग?”

बाबांनी गाठोडं त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि घराच्या वाटेकडे बोट केलं. वसंतरावांचे डोळे आईच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच भरून आले…

“पोट भरलेल्या माणसानं पंगतीत बसू नये, वसंता. वाढायला उठावं.”