धुमाळे सरांचा आकडा

एका तालुक्याच्या गावात एक कॉलेज होतं. तिथे धुमाळे सर जीवशास्त्र शिकवत. माणूस हौशी आणि मनाने निर्मळ. कोवळी रोपं फस्त करणाऱ्या गोगलगायींवर त्यांनी एक शोधनिबंध लिहिला होता. वाफ्याभोवती राखेचं कडं केलं की गोगलगाय आत येत नाही, असं त्यात म्हटलं होतं.

कॉम्प्युटरवर शोधनिबंध धुंडाळायचं एक यंत्र होतं. त्यात नाव टाकलं की आपला निबंध दिसे. किती संशोधकांनी पुढे आपल्या लिखाणात त्याचा उल्लेख केला, तो आकडाही खाली दिसे. सरांच्या निबंधाखाली कित्येक वर्षं शून्य होतं. एकदा त्याचा एक झाला. सरांनी अख्ख्या स्टाफरूमला पेढे वाटले. मग आकडा वाढतच गेला आणि सर दात घासायच्या आधी तो बघू लागले.

"आज किती?" त्यांची बायको इंदुमती चहा ठेवताना विचारी.

"चाळीस!"

"आणि ती माणसं लिहितात तरी काय?"

"अगं, चाळीस निबंध वाचत बसू? आकडा बघ ना!"

"म्हणजे पंगतीत किती पानं उठली ते मोजायचं, जेवण कसं होतं ते विचारायचं नाही!"

आकडा पन्नाशीला पोचला तेव्हा प्राचार्यांनी सत्कार ठरवला. फाटकावर सरांचा फ्लेक्स लागला. पेरणी तोंडावर आली होती, म्हणून राखेच्या उपायाची पुस्तिका समारंभातच शेतकऱ्यांना वाटायचं ठरलं. प्राचार्य म्हणाले, "सर, बाहेरच्यांनी तुमच्याबद्दल लिहिलेली दोन-चार वाक्यं भाषणात वाचून दाखवा."

सरांनी ते निबंध पहिल्यांदाच उघडले. एकात लिहिलं होतं, 'धुमाळे यांचा उपाय आम्ही करून पाहिला. पाऊस पडताच राख वाहून गेली आणि गोगलगायी आत शिरल्या.' दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यात तर प्रयोग कसा करू नये, याचं उदाहरण म्हणून त्यांचं नाव होतं. आकडा खोटा नव्हता. पण तो सरांच्या चुकीचा होता.

सर स्वयंपाकघरात धावले. "इंदू, गप्प बसलो तर कुणाला कळणार आहे? इथे वाचतंय कोण?"

"गोगलगायींना कळेल की," इंदुमती म्हणाली.

समारंभात सरांनी शाल घेतली नाही. "माझा उपाय चुकला," ते म्हणाले. "मी कोरड्या वाफ्यात प्रयोग केला, पावसाचा विचारच केला नाही. ती पुस्तिका वाटू नका."

प्राचार्य लालबुंद झाले. मागून एक शेतकरी ओरडला, "मग आम्ही काय करायचं, सर?"

"अजून मलाही माहीत नाही. पण यंदा तुमच्या शेतात, पावसात उभा राहून शोधतो."

सरांनी पावसाळाभर भिजत शोधलं आणि पावसातही टिकणारा उपाय सापडला. नवा निबंध लिहिला आणि पहिल्याच ओळीत जुनी चूक सांगितली. त्याखाली बरेच महिने शून्य होतं. मग एका सकाळी त्याचा एक झाला.

"पेढे आणू?" इंदुमतीने विचारलं.

"थांब," सर चष्मा शोधत म्हणाले. "आधी वाचू दे."

शेवटच्या ओळीपर्यंत वाचून त्यांनी चष्मा काढला. डोळे पुसले.

"नवा उपाय करून पाहिला त्यांनी. रोपं वाचली त्यांची. आण, चांगले किलोभर आण!"

तात्पर्य: किती जणांनी आपलं नाव घेतलं, हे यंत्र मोजून देतं, कशासाठी घेतलं, हे आपणच वाचावं, आणि चूक दिसली तर ती सगळ्यांत आधी आपणच सांगावी.