तुळाईचा घोट

फिरंगी हा शब्दसुद्धा आपल्या किनाऱ्यावर कुणाला ठाऊक नव्हता, त्या फार वर्षांपूर्वीच्या काळची ही गोष्ट. खाडीकाठच्या वेळशेत गावात तुळाई राहायची. झाडपाल्याचं औषध द्यायची. नवरा समुद्रात बुडालेला. धाकू नावाचा लग्नाला आलेला मुलगा, तेवढंच तिचं गणगोत. तुळाईचा हात कपाळाला लागला की ताप उंबऱ्याबाहेर जाऊन बसायचा, असं म्हणतात.

एके सकाळी खाडीच्या तोंडाशी एक गलबत येऊन उभं राहिलं. त्याच्या शिडांनी अर्ध्या गावाचं ऊन अडवलं, असं म्हणतात. आफ्रिकेला वळसा घालून, नव्या वाटा शोधत, महिनोन् महिने पाण्यावर काढून आलेले फिरंगी त्यात होते. त्यांची होडी गोड्या पाण्यासाठी किनाऱ्याला लागली. घाबरून कुणीतरी दगड भिरकावला. फिरंग्यांनी बंदुका झाडल्या आणि जाळी ओढणारे सात जण धरून नेले. त्यांत धाकू होता.

जाताजाता त्यांचा दुभाष्या ओरडला, "सूर्य बुडायच्या आत पाणी आणि खाणं पाठवा. नाहीतर सातही जण डोलकाठीला लटकतील!"

बायका ऊर बडवू लागल्या. तुळाईनं मात्र वेगळंच पाहिलं होतं. पाण्याचं पिंप उचलताना त्या दांडग्या माणसांचे गुडघे वाकत होते. हिरड्यांतून रक्त येत होतं, पायांवर काळेनिळे डाग होते.

"भावजी," ती गावच्या खोताला, नागोजीला म्हणाली, "ती माणसं मरणाला टेकलीत. कोकमाचं आगळ, लिंबं, आवळे घेऊन मी जाते. बरी झाली तर पोरं सोडतील."

मडकी होडीत चढवायला नागोजीनं स्वतः हात लावला. होडी ढकलताना तो हळूच म्हणाला, "वयनी, लाल फडक्याच्या मडक्याला तोंड लावू नको. धोत्रा घातलाय. ते त्यांनाच पाज."

तिनं वल्हं रोखलं. पण होडी पाण्यात गेली होती आणि गलबतावरून बंदुका रोखलेल्या होत्या. मडकं समुद्रात टाकलं असतं तर संशय येऊन तिथंच गोळी लागली असती. त्याला हातच लावायचा नाही, असं तिनं ठरवलं.

गलबतावर उभं राहवत नव्हतं, एवढी दुर्गंधी. माणसं फळ्यांवर नुसती पसरली होती. कप्तानाचे ओठही रक्तानं माखलेले. त्याचा कुणावर विश्वास नव्हता. त्यानं धाकूला पुढं ओढलं आणि लाल फडक्याच्या मडक्यावर बोट ठेवलं.

"आधी हा पिणार," दुभाष्या म्हणाला.

धाकूच्या घशाला कोरड पडली होती. पळी ओठांशी आली तेव्हा तो आईकडे बघून हसला. "आये, तू केलंस ना?"

तुळाईनं झेप घेतली आणि पळी उडवून मडकं लाथाडलं. लाल पाणी फळ्यांवर पसरलं. साऱ्या बंदुका तिच्याकडे वळल्या.

"त्यात विष होतं," ती म्हणाली. दुभाष्याची बोबडी वळली. "सांग त्याला. गावानं घातलं, तुमच्या बंदुकांच्या भीतीनं. बाकीच्यांत नाही. प्रत्येकातलं आधी मी पिते."

एकेक मडकं उघडून ती प्यायली. कप्तानानं बंदूक तिच्या कपाळाला टेकवली आणि वाट पाहिली. सूर्य कलला. ती उभीच होती. तेवढा वेळ समुद्रानं लाट उठू दिली नाही, असं म्हणतात. मग तिनं पळी कप्तानापुढं धरली. आंबटानं त्याचं तोंड झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं, पण तो प्यायला.

पुढं कितीतरी दिवस ती तिथंच राहिली, एकेकाला पाजत. आडवे झालेले उठून बसले. ज्यांचे दात हलत होते ते दातांनी ऊस सोलू लागले, असं म्हणतात.

कप्तानानं सातही जण सोडले. पण तुळाईची वाट अडवून तो काही बोलला. दुभाष्यानं मान खाली घालूनच सांगितलं, "येताना अर्धी माणसं याच रोगानं मेली, ती आम्ही समुद्रात टाकली. परतीची वाटही तेवढीच लांब आहे. तू आलीस तर गावावर तोफ डागणार नाही."

"आये, उडी मार!" खालून होडीतून धाकू ओरडला. "मी झेलतो तुला!"

तुळाईनं तोफांकडं पाहिलं, मग किनाऱ्यावरच्या झोपड्यांकडं.

"होडी वळव, धाकू. आणि वळून बघू नको."

तो गाव येईपर्यंत वळूनच बघत राहिला.

तुळाई परत आली नाही. पण त्या गलबतावरचा एकही माणूस परतीच्या वाटेवर दगावला नाही, असं म्हणतात. सातासमुद्रापलीकडं कुठल्याशा बंदरात एक म्हातारी परक्या खलाशांना लाल आंबट पाणी पाजते, अशी वार्ता पुढं कितीतरी वर्षं येत राहिली. नागोजीनं गावातला धोत्रा आपल्या हातांनी उपटून काढला आणि मरेपर्यंत रोज संध्याकाळी तो खाडीच्या तोंडाशी जाऊन बसायचा.

आजही वेळशेतात पाहुणा आला की कोकमाचं सरबत पुढं येतं, आणि देणारा त्यातला एक घोट आधी स्वतः घेतो. दुसऱ्या गावची माणसं नाक मुरडतात. नवी सूनही पहिल्यांदा कचरते. म्हणते, "पाहुण्याला उष्टं कसं द्यायचं?"

"उष्टं नव्हे गं," सासू सांगते. "तुळाईचा घोट तो."

मग सून घोट घेते, पाहुण्यासमोर क्षणभर तशीच उभी राहते, आणि पेला पुढं करते.