बाबल आणि भाड्याच्या होड्या

खाडीकाठच्या एका गावात एक भोळा बाबल होता. सांगाल तेवढंच करायचा आणि सांगाल तसंच करायचा. त्याची बायको शेवंती मात्र हुशार. फिरायला येणाऱ्यांना ती होड्या भाड्याने द्यायची. यंदा परवाना नवा करायचा होता. शनिवारी तपासणीचे साहेब येणार होते. ते नाही म्हणाले तर होड्या किनाऱ्यावर पालथ्या आणि चूल थंड.

शेवंती म्हणाली, "अहो, एवढं सांभाळा. जाकीट घातल्याशिवाय कुणाला होडीत घेऊ नका."

"नाही घेत."

बुधवारी एक नवरदेव आला. अंगात जरीचं जाकीट.

"जाकीट आहे. बसा," बाबल म्हणाला.

नवरदेव फोटोसाठी उभा राहिला आणि पाण्यात पडला. काठ जवळ होता म्हणून चिखलावर निभावलं.

शेवंतीने कपाळाला हात लावला. "अहो, तरंगतं ते जाकीट. आधी पाण्यात टाकून बघायचं. तरंगलं तरच होडीत घ्यायचं."

"बरं."

गुरुवारी भजनी मंडळ आलं. त्यांना पलीकडच्या गावी जायचं होतं. बुवांनी बाजाची पेटी पुढे केली. बाबलने ती पाण्यात टाकली. पेटी एक सूर काढून तळाशी गेली.

"ही नाही चालायची," बाबल म्हणाला. "आता तबला द्या बघू."

पेटी वर काढताना शेवंती कमरेपर्यंत भिजली. "अहो, बुडताना दिसलं तर बघत काय राहता? उडी मारायची, बाहेर ओढायचं. विचारत बसायचं नाही."

"नाही विचारत."

शुक्रवारी सकाळी सरपंच खाडीत अंघोळ करत होते. त्यांनी डुबकी मारली. बाबलने उडी मारली आणि केसांना धरून त्यांना धक्क्यावर आणलं. सरपंचांचा पंचा पाण्यातच राहिला. धक्क्यावर मासळीबाजार भरला होता. त्या दिवशी कोळणींनी भाव सांगायचे सोडून दिले.

शेवंती सरपंचांच्या घरी जाऊन माफी मागून आली. "अहो, मोठ्या माणसाला आधी विचारायचं. हो म्हणाले तरच हात लावायचा."

"विचारतो."

शनिवारी साहेब लाँचमधून आले. जाकिटं पाहिली, दोर ओढून पाहिले, खूश झाले. शेवंती दुसऱ्या होडीतलं पाणी उपसत होती. साहेब जाकीट घालून बाबलच्या होडीत बसले आणि म्हणाले, "चला, एक फेरी मारू."

खाडीच्या मध्यावर त्यांनी विचारलं, "होडी चालवायचा परवाना आहे ना तुमच्याकडे?"

"नाही. शेवंतीकडे आहे."

"मग वल्ही कशी धरलीत? सोडा आधी."

बाबलने सोडली. वल्ही ओहोटीबरोबर चालू लागली. ती पकडायला साहेब वाकले आणि पाण्यात गेले. जाकिटाने त्यांना वर आणलं.

बाबलने वाकून विचारलं, "साहेब, बाहेर काढू का?"

साहेबांच्या तोंडात पाणी होतं. नुसताच गुडगुड आवाज आला.

"हो की नाही, एवढंच सांगा."

"हो," साहेब कसेबसे म्हणाले. तेव्हा बाबलने त्यांना वर घेतलं. तोवर शेवंती दुसरी होडी घेऊन धावली. तिने वल्ही गोळा केली आणि दोघांना काठावर आणलं.

साहेब धक्क्यावर कुडकुडत चहा प्यायले. माणूस भला होता.

"बाई, जाकीट चांगलं आहे," ते म्हणाले. "मी स्वतः तरंगलो." लाँचमधून पिशवी मागवली, तिच्यातून चष्मा काढून लावला आणि परवान्यावर सही केली. "पण एक अट आहे. हा माणूस पुन्हा मला होडीत दिसता कामा नये."

शेवंतीने मान डोलावली. बाबलनेही डोलावली.

साहेबांची लाँच निघाली. शेवंती कपबशा विसळायला घरात गेली. धक्क्यावर साहेबांचा चष्मा राहिला होता. बाबलला तो दिसला.

लाँच जरा पुढे गेली असेल नसेल, काहीतरी धाडकन येऊन आदळलं. साहेबांनी वाकून पाहिलं. लाँचला एक होडी धडकली होती. होडीत माणूस नव्हता. नुसता ताडपत्रीचा ढीग होता आणि ढिगातून दोन वल्ही बाहेर आलेली. ताडपत्री हलली. एक हात वर आला. हातात चष्मा होता.

"साहेब," आतून आवाज आला, "चष्मा लावा आणि नीट बघून सांगा. मी दिसत नाही ना?"