लाडू मेस्तऱ्याचा बार

आंबेखोलला अजून गाडीवाट झाली नव्हती, घाटावरून माणसं डोक्यावर ओझी घेऊन उतरत, तेव्हाची ही हकिगत. त्या गावात लाडू मेस्तरी नावाचा लोहार राहत होता. असं म्हणतात, की बंदुकीच्या नळीला कान लावला की तिने आजवर किती बार काढले ते त्याला कळायचं. त्याच्या भट्टीवरून एकही बंदूक दुरुस्त झाल्याशिवाय परत गेली नव्हती, आणि याचा त्याला मोठा अभिमान होता.

गावात ठासणीची बंदूक एकच, भागो गवसाची. दारू ठासायची, छर्रे भरायचे आणि भातात शिरलेल्या रानडुकरांवर झाडायची. भागो होता तोवर डुकरं ओढा ओलांडत नसत. तो गेला, बंदूक भिंतीवर गंजली, आणि तिसऱ्या वर्षी डुकरांनी एका रात्रीत चार मळे उकरून टाकले. मग गावचा प्रमुख मानकरी, गावकर, ती बंदूक घेऊन लाडूकडे आला. भागोची बायको शेवंता मागोमाग आली.

"मेस्तऱ्या, नळी तोडून आखूड कर, नवो घोडो बसव," गावकर म्हणाला. "ह्या वर्षी मीच राखणीक बसतलंय."

शेवंता म्हणाली, "लाकडाक हात लावू नको रे. तेंच्या गालाचा वण आसा थंय."

खरंच, नेम धरून धरून दस्त्याला गालाएवढा खळगा पडला होता. लाडूने दोघांचं ऐकून घेतलं. त्याच्या मनात मात्र तिसरंच होतं. गंज उतरवायचा, नळी झळझळीत करायची, लाकूड घासून पॉलिश करायचं, अशी की घडवणाऱ्यालाही ओळखू येऊ नये. कानस हातात घेण्याआधी सवयीने त्याने नळीला कान लावला. असं म्हणतात, की नळी कण्हली.

त्याने नळीत घासलेट ओतून बूच मारलं, बाहेरून कोरडी पुसली आणि वर चुन्याचा पातळ हात दिला. मग तो जेवायला गेला. परत येऊन बघतो तर पांढऱ्या चुन्यावर केसासारखी एक ओली रेघ उमटली होती, नेमकी दारू ठासायच्या जागी.

नळी आखूड करून ही चीर जाणार नव्हती. वरून चकाकी आणली असती तर ती कुणाला दिसलीही नसती. त्याचं नाव राहिलं असतं, आणि पहिल्याच बाराला कुणाचं तरी तोंड फुटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने दोघांना बोलावून रेघ दाखवली. "ही बंदूक आता उडवची नाय," तो म्हणाला. "घासूची नाय, कापूची नाय. आसा तशी ऱ्हवांदे. माझ्यान जमणा नाय."

गावकराचा हात नकळत स्वतःच्या गालाकडे गेला. शेवंताने पदराने चुना पुसला आणि बंदूक कुशीत घेतली. गावकर म्हणाला, "मगे डुकरांका काय हात जोडूचे?"

त्या रात्री लाडूला कसली झोप लागतेय! बार तर हवा, नुसत्या आवाजाचा का असेना, पण न फुटणारं लोखंड हवं, हाताएवढं जाड. तसं लोखंड गावात एकच होतं. सकाळी उठून त्याने आपली ऐरण उपटली, उलटी केली आणि तिच्या पोटात भोक पाडायला बसला. सात दिवस लागले. आठव्या दिवशी तिन्हीसांजेला ती ऐरण मळ्याच्या वरच्या कडेला पुरली, भोकात दारू ठासली, लांब वात लावली, आणि गावाला कान झाकायला सांगितलं.

असं म्हणतात, की तो बार सात डोंगरांवर आपटून सात वेळा परत आला. नदीचं पाणी घटकाभर थांबलं. डुकरं जी पळाली ती घाट चढून गेली, आणि कोल्हापूरच्या बाजूची माणसं अजून त्याबद्दल कुरकुरतात. आपल्याकडे त्या साली भात कणगीत मावलं नाही.

लाडूकडे मग ऐरण उरली नाही. नदीतला एक काळा धोंडा आणून तो त्यावरच काम करू लागला. असं म्हणतात, की धोंडा लोखंडासारखा वाजायचा. परत कुणी बंदूक आणली, तर तो आधी चुन्याचं मडकं पुढे ओढायचा आणि मग नमस्कार करायचा.

भागोची बंदूक गवसांच्या घरी आहे. दसऱ्याला तिला तेलाचं बोट लावतात, कानस नाही. आणि भाताला कणसं धरली, की आंबेखोल आजही मळ्याच्या वरच्या कडेला बार काढतं. वात पेटवणारा आधी ओरडतो, "लाडू मेस्तऱ्याचो बार!" त्या दिवशी गावातल्या लोहाराने भाता फुंकायचा नाही. त्याने वाटेल त्या घरात शिरावं. त्या घरचं पहिलं पान त्याचं, आणि तो हात धुऊन उठेपर्यंत दुसरं कुणी जेवायला बसत नाही.